समोरच्या दाराच्या दोन कड्या

अमिरातीतल्या अल ऐनमधल्या त्या इंग्रजी घराचं पुढचं दार बाहेरून बंद करता येत नाही. त्याला कुलूप नाही, किल्लीचं भोकही नाही. आतून दोन कड्या आहेत. एक वर, चौकटीत सरकणारी, आणि एक खाली, फरशीत उतरणारी. घर बांधणाऱ्या इंग्रजानं हे दार आपल्या गावाकडून जहाजानं आणवलं होतं, असं सांगत. तिकडच्या मोठ्या घरात आत कुणी ना कुणी असायचंच, त्यामुळे बाहेरून कुलूप लावायची वेळ त्या दारावर आली नव्हती. इथंही आली नाही. दार आतून लावायला पप्पा होते.

पप्पा त्या घरात बटलर होते आणि आई स्वयंपाक करायची. आम्ही वसईचे. माझं बालपण त्या घराच्या मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत गेलं. घरात राहायचे ते एका ब्रिटिश कंपनीचे मॅनेजर आणि त्यांची बायको. आमच्यासाठी ते साहेब आणि मॅडम. त्यांच्या नावांची मला कधी गरज पडली नाही. फाटकावर ‘एल्म हाऊस’ अशी पाटी होती. एल्म हे इंग्लंडातलं एक झाड. त्या आवारात ते एकही नव्हतं. शेजारचे अरब लोक घराला नुसतं ‘बैत अल इंग्लीज’ म्हणत, इंग्रजाचं घर.

आता ते घर जतन केलेलं आहे. तिकीट काढून बघता येतं.

आई पुढच्या आठवड्यात कायमची वसईला जाते आहे. व्हिसा, इन्शुरन्स आणि गुडघे, या तिन्हींबद्दल घरात बोलून झालं आहे. आता कुणी बोलत नाही. शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या मधोमध दोन बॅगा उघड्या पडल्या आहेत. रोज संध्याकाळी त्या वजनकाट्यावर चढतात आणि रोज काहीतरी बाहेर निघतं. कधी कुकर, कधी चादर, कधी नाताळच्या क्रिबमधला एखादा मेंढपाळ. माणूस इथून जातो तेव्हा आधी त्याचं सामान थकतं. तशा एका संध्याकाळी मी विचारलं, आणखी काय न्यायचं आहे?

“न्यायचं काही नाही,” आई म्हणाली. “मला एकदा त्या घरात समोरच्या दारानं आत जायचंय.”

“कुठल्या घरात?”

“कुठल्या म्हणजे? साहेबांच्या.”

“इतकी वर्षं कधी बोलली नाहीस.”

“इतकी वर्षं जायचं नव्हतं. आता जायचंय.” बॅगेतून काढलेल्या चादरीची तिनं पुन्हा घडी घातली. “पप्पांनी तुझ्या ते दार सगळ्या जगाला उघडून दिलं. आमच्यातलं कुणीतरी एकदा त्यातून आत जायला पाहिजे की नको? ते तर आता येत नाहीत वसईच्या मातीतून उठून. मी जाते, म्हणजे झालं.”

शनिवारी दुपारी निघालो. एप्रिल सुरू झाला होता. आई पुढे बसली, माझी मुलगी रेचल मागे, कानात इअरफोन. शारजाचे गोदामांचे पत्रे संपले की रस्ता मोकळा होतो, वाळू आधी पांढरी असते आणि अल ऐनकडे जाताना लाल होत जाते. पूर्वी हा रंग बदलला की पप्पा म्हणायचे, आलं घर. आई बोलत होती. कुंपणापलीकडचे उंट, नवी पेट्रोल स्टेशनं, एका ट्रकवर बांधलेल्या खुर्च्या, जे दिसेल त्यावर ती एक वाक्य बोलायची, जणू निरोपाआधी प्रत्येकाची विचारपूस करायची होती.

रेचलनं एक इअरफोन काढला. “आजी, इज द हाऊस हाँटेड?”

“आहे ना. तुझा आजोबा आहे तिथं. दारामागं उभा.”

“ममा, इज शी सीरियस?”

“विचार तिला,” मी म्हटलं.

“आजी, आर यू सीरियस?”

“मी कधी थट्टा करते काय?” आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघून हसली.

घर पहिल्यांदा दिसतं ते छपरानं. अल ऐनमध्ये सगळी छपरं सपाट आणि हे एकच उतरतं, लाल कौलांचं, त्यावर धुराडं. आमच्या वेळी पाऊस वर्षातून थोडा वेळ पडायचा आणि तो पडला की मॅडम साहेबांना बोलावून खिडकीशी उभं करायच्या. पन्हळीतून पाणी गळण्याचा आवाज ऐकायचा असायचा त्यांना. पप्पा तोवर माळ्यावर बादल्या ठेवत असत, कारण कौलं बसवणाऱ्यांनी ती आधी कधी बसवली नव्हती.

फाटकापासून घरापर्यंत खडीचा रस्ता होता, तो अजून आहे. टायरखाली तोच आवाज आला. या आवाजावर पप्पा उठत. जेवताना, झोपेत, आजारी असतानाही. खडी वाजली की ते उभे राहत, कोटाचं वरचं बटण लावत आणि चालू लागत. पाहुणा पायऱ्या चढून वर येईतो दार उघडलेलं असायचं. कुणालाही त्या घराची घंटा वाजवावी लागली नाही, हा त्यांचा अभिमान होता. तो त्यांनी बोलून दाखवला नाही, पण घंटेचं पितळ ते रोज पुसत आणि म्हणत, बघ, एक ठसा नाही.

तिकीटघर फाटकाजवळच्या जुन्या गॅरेजमध्ये होतं. काउंटरवर एक फिलिपिनो मुलगी होती. तिनं नम्रपणे नकाशा दिला, त्यावर बाण छापले होते.

“रुपयांत किती झाले ते सांगू नकोस,” आई मला म्हणाली. “मी माघारी फिरेन.”

नकाशावरचा बाण घराला वळसा घालून मागे जात होता. मी मुलीला विचारलं. तिनं इंग्रजीत समजावून सांगितलं. समोरचं दार जुनं आहे, दिवाणखान्याची फरशीही जुनी आहे, गर्दी एकाच दिशेनं जावी म्हणून प्रवेश मागून, स्वयंपाकघरातून. समोरचं दार फक्त बाहेर पडायला.

“काय म्हणते ती?”

मी सांगितलं.

आईला हसू आलं, तिनं तोंडावर पदर घेतला. “म्हणजे तिकीट काढूनसुद्धा मागूनच! ह्यांना कुणी कळवलं गं आपण येतोय म्हणून?”

मी मुलीशी बोलून बघितलं. म्हटलं, वयस्कर आहेत, पायऱ्या एकदाच चढतील. ती सॉरी मॅम म्हणाली, खरोखरच वाईट वाटल्यासारखी. मॅनेजरला विचारू का म्हणाली, मॅनेजर सोमवारी असतो म्हणाली. सोमवारी आई विमानात असणार होती. मी तसं सांगणार होते, पण आईनं माझा दंड धरला.

“राहू दे. तिची नोकरी आहे. यल्ला, चल मागून. मला वाट दाखवायला कुणी नको.”

बागेकडेनं वळसा घेतला. हिरवळ अजून होती. ऑक्टोबरात पूर्वी या हिरवळीवर थंडीचं गवत पेरायचे आणि वर खत टाकायचे, त्या आठवड्यात सगळ्या आवाराला गोठ्याचा वास यायचा. मॅडम खिडक्या लावून घ्यायच्या. आईला मात्र तो वास आवडायचा. ती मागच्या पायरीवर बसून भाजी निवडायची आणि म्हणायची, आता वाडीत बसल्यासारखं वाटतं. मग एका सकाळी वाळूवर हिरवी साय धरलेली दिसायची. दव पडायचं. धुकं असलं की खजुराची झाडं कमरेपासून वर नाहीशी व्हायची आणि फलाजच्या पाटातलं पाणी न दिसता वाजत राहायचं.

फेब्रुवारीत एक दिवस बाग पाहुण्यांना खुली व्हायची. त्याला ‘गार्डन डे’ म्हणत. तिकडच्या मोठ्या घरांमधली ही रीत मॅडमनी इथं चालू ठेवली होती. दुबईहून, अबू धाबीहून गोरे लोक यायचे, बायका टोप्या घालून. गुलाब बघायचे, काकडीची सँडविचेस खायची, चहा प्यायचा, हलक्या आवाजात बोलायचं. आदल्या दिवशी आई काकडीचे काप मीठ लावून फडक्यात बांधून टांगायची. रात्रभर त्यातलं पाणी टपकायचं. ते टपकणं आणि इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास, एवढं झालं की माझ्यासाठी गार्डन डे संपलेला असायचा. खरा दिवस मी खोलीच्या जाळीतून बघितला आहे. जाळीतून बघितलेल्या गोष्टींना बारीक चौकोन असतात, आठवणीतही ते राहिले आहेत.

हिरवळीच्या टोकाला दगडी खांबावर सूर्यघड्याळ होतं. तेही इंग्लंडातून आणलेलं. तिकडच्या उन्हाच्या हिशेबानं बनवलेलं, त्यामुळे इथं त्यानं कधी बरोबर वेळ दाखवली नाही. कुणी पाहुणा मनगटावरच्या घड्याळाशी ते ताडून बघायला लागला की पप्पा मान लववून सांगत, ती साहेबांच्या गावची वेळ आहे. पाहुणे हसत. घड्याळ आता काचेच्या पेटीत आहे. काच तापलेली होती आणि आत सावली चुकीच्या जागी पडली होती.

गुलाबांचे वाफे पुन्हा केलेले दिसले. झाडांना नावाच्या चकत्या आहेत, मुळाशी काळ्या नळ्या आहेत. पप्पा संध्याकाळी मगरिबच्या अजानला झारीनं पाणी घालत. गरम वाळूवर पाणी पडलं की एक वास यायचा, मातीचा नाही, चुन्याच्या निवळीसारखा. आता पाणी आतल्या आत झिरपतं. वास येत नाही.

घराच्या मागे वळलो आणि आई थांबली.

इथं केळी होती. तिनंच वसईहून ओल्या गोणपाटात गुंडाळून मुनवे आणले होते, कपड्यांच्या बॅगेत, आणि स्वयंपाकघराच्या सांडपाण्यावर लावले होते. मॅडमनी परवानगी दिली ती एका अटीवर, खडीच्या रस्त्यावरून केळी दिसता कामा नये. त्यामुळे केळीचं पान सरळ वर जाऊ लागलं की आई ते कापायची. घड लहान यायचे. त्यांच्या शेजारी कढीपत्त्याचं झाड होतं, कपड्यांची दोरी होती, आणि ज्यावर पप्पा बूट घासायचे तो सिमेंटचा कट्टा. आता तिथं कॅफेची टेबलं आहेत, छत्र्या आहेत. एका छत्रीखाली दोन माणसं केक खात होती.

“खलास,” आई म्हणाली. “सगळं साफ केलं.”

“डू यू वाँट टू सिट, आजी?” रेचलनं विचारलं.

“बसायला नाही आलेय.”

स्वयंपाकघराच्या दाराशी पूर्वी चपलांची ओळ असायची. आईची, माळ्याची, धोब्याची, माझी शाळेची. घरात बूट फक्त पप्पांच्या पायात, बाकी आम्ही अनवाणी. आत गालिचे होते आणि गालिच्यांना वाळू चालत नाही. दारात पोचल्यावर आईनं चौकटीला हात टेकला, क्षणभर खाली वाकली, सरळ झाली आणि आत गेली. मी बॅगेत तिकिटं शोधत होते.

स्वयंपाकघरात तांब्याची भांडी टांगली होती. आमच्या वेळी ती नव्हती, ॲल्युमिनियमची होती. आईनं ते लगेच सांगितलं, हळू आवाजात नाही. तिथं उभ्या असलेल्या एका पाहुणीनं मान वळवून पाहिलं. नाताळात या ओट्यावर आई फुगे तळायची, आंबवलेल्या मैद्याचे गोल गोळे. मॅडमना ते आवडायचे, पण त्या ते संत्र्याच्या मुरंब्याबरोबर खायच्या आणि आईला दर वर्षी तेवढंच दुःख व्हायचं. “मटणाच्या रश्शात बुडवून बघा म्हणावं एकदा,” ती पप्पांना म्हणायची. पप्पा म्हणायचे, “त्यांचा फुगा, त्यांचं तोंड.”

बाणांमागून जेवणघरात गेलो, तिथून दिवाणखान्यात.

इथं शेकोटी आहे. वाळवंटातल्या घरात शेकोटी. नाताळच्या संध्याकाळी ती पेटवायची म्हणून सकाळपासून सगळे एसी पूर्ण वेगात चालवले जात, खोली एवढी गार करत की मॅडम शाल घ्यायच्या. मग समर नावाच्या वाळवंटी बाभळीची लाकडं लावून जाळ केला जाई. एसीची घरघर आणि लाकडांचं तडतडणं असे दोन्ही आवाज एकत्र चालत. समरच्या धुराला थोडा गोड वास असतो. तो पप्पांच्या कोटाला जानेवारी संपेपर्यंत राहायचा आणि रविवारी ते मला जवळ घेत तेव्हा मला वाटायचं, इंग्लंडचा वास असाच असणार.

आणि उन्हाळा. जूनमध्ये साहेब-मॅडम गावी जायचे ते सप्टेंबरात यायचे. घर गार ठेवावं लागे, पियानोसाठी, पुस्तकांसाठी, भिंतीवरच्या चित्रांसाठी. बाहेर वारा तव्यावरून आल्यासारखा, आणि आत अंधार, मेणाच्या पॉलिशचा वास, डांबराच्या गोळ्यांचा वास, खिडकीतल्या एसीतून बादलीत पडणारा थेंब. आमच्या खोल्यांत पंखा होता. दुपारी पप्पा आम्हांला या दिवाणखान्यात आणून बसवायचे. खाली जुनी चादर अंथरायचे. खुर्च्या बघायच्या, बसायचं खाली. सकाळी ते सगळे पडदे उघडत, ऊन फिरेल तसे एकेक लावत जात, संध्याकाळी पुन्हा उघडत. नळ सोडून बघत. पियानोचं झाकण उघडून एक सूर वाजवत, एकच, आणि मिटत. घराला कळता कामा नये माणसं गेली आहेत ते, असं म्हणत. त्या चादरीवर मी गोष्टींची पुस्तकं वाचली, पाढे केले, झोपले. आई डोळे मिटून पडायची. ती तेव्हा आजच्या माझ्यापेक्षा लहान होती.

त्या महिन्यांत घर आमचं होतं असं म्हणता येईल. पण मासिक प्रार्थनेला जाताना, बाजारात जाताना, आम्ही स्वयंपाकघराच्या दारानंच बाहेर पडायचो. मी हट्ट केला होता, कुणी नाहीये ना, समोरून जाऊ. पप्पा म्हणाले, “समोरून गेलो तर ते आतून लावणार कोण?” घरातून जो शेवटी निघेल त्याला मागूनच निघावं लागायचं, दारच तसं होतं.

संध्याकाळी दार लावायचा आवाज आमच्या खोलीपर्यंत यायचा. आधी वरची कडी, बारीक, खरखरीत. मग थोडं थांबून खालची, जड, फरशीत उतरताना ठक् करणारी. मग जिन्याच्या वरून मॅडमचा आवाज, “बोथ, पास्कल?” आणि पप्पांचा, “बोथ, मॅडम.” मग जेवणघरातून, स्वयंपाकघरातून त्यांची पावलं, आणि आमच्या अंगणात ते. वर्षानुवर्षं तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मॅडमना संशय नव्हता. ते त्यांचं गुडनाइट होतं.

दिवाणखान्याच्या बाहेरच्या हॉलमध्ये जुने फोटो मोठे करून लावले आहेत. एक गार्डन डेचा आहे. पायऱ्यांवर टोपीवाल्या बायका, उघडं दार, आत काळोख. रेचल त्याच्या अगदी जवळ गेली.

“आजोबा कुठे आहेत?” तिनं विचारलं. मराठीत विचारलं, म्हणून आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

“सांगितलं की तुला गाडीत. दारामागं.” आईनं फोटोतल्या दाराच्या फळीवर बोट टेकवायला हात उचलला, मग पाटी वाचून मागे घेतला. “दार उघडायचं आणि फळीमागं उभं राहायचं. पाहुण्याला आधी घर दिसलं पाहिजे, नोकर नाही. इथं आहेत ते. ह्या फळीच्या पाठी. कोटाचं बटण लावलेलं.”

“बट यू कान्ट सी हिम.”

“तेच तर काम होतं, बाळा.”

रेचल फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. तिनं दुसराही इअरफोन काढून खिशात टाकला होता.

साहेबांची इथली नोकरी संपली तो दिवस मला आठवतो, जून होता. सामान आधीच गेलं होतं. गाडी पायऱ्यांशी उभी. मॅडम रडल्या होत्या, चष्म्याखाली रुमाल घालत होत्या. त्या पप्पांना म्हणाल्या, पास्कल, आज तू आमच्याबरोबर समोरून बाहेर ये. पप्पा म्हणाले, येस मॅडम. त्यांनी दार उघडलं, फळीमागं उभे राहिले, साहेब गेले, मॅडम गेल्या. खडी वाजली, फाटकापर्यंत वाजत गेली. मग पप्पांनी आतून वरची कडी लावली, खालची लावली. जिन्याकडे बघून थोडा वेळ थांबले असावेत, कारण आईला आणि मला मागच्या अंगणात नेहमीपेक्षा जास्त वाट बघावी लागली. ते स्वयंपाकघरातून आले. मागच्या दाराला कुलूप घालून किल्ली कंपनीच्या माणसाला दिली. कढीपत्त्याचं झाड वाऱ्यानं हलत होतं. आई म्हणाली, “मॅडम म्हणाल्या होत्या ना समोरून?” ते म्हणाले, “आणि दार उघडं टाकू?”

हॉलच्या टोकाला ते दार सताड उघडं होतं. बाहेरचं ऊन फरशीवर लांब पडलं होतं. शेवटचे पाहुणे निघत होते. दाराशी एक गार्ड उभा होता, त्यानं हात बाहेरच्या दिशेनं केला. आई उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

“चल,” मी म्हटलं.

“कशी चलू?” तिनं साडी जराशी उचलली. ती अनवाणी होती. “चपला मागं राहिल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी.”

बाकीचे सगळे बूट-चपला घालून घरभर फिरले होते. तिच्या एकटीच्या दाराबाहेर होत्या. पुढे दगडी पायऱ्या आणि दिवसभर तापलेली खडी, आणि मागे जायला बाणांची परवानगी नव्हती.

“हसू नकोस,” ती म्हणाली.

“मी नाही हसले.”

“मग हस. मला तरी हसू येऊ दे.”

मी बाहेरून वळसा घालून मागे गेले. चपला चौकटीच्या डाव्या बाजूला होत्या, भिंतीला टेकून, पूर्वी तिच्या असायच्या त्याच जागी. कॅफेतला पोरगा टेबल पुसत त्यांना चुकवून गेला. त्या घेऊन समोर आले तेव्हा खडीवरून मला आई दिसली. ती दाराला पाठ टेकून उभी होती, फळी हातानं धरलेली. बाहेर पडणारं एक गोरं म्हातारं जोडपं तिला थँक यू म्हणालं. तिनं मान लववली.

मी चपला वरच्या पायरीवर ठेवल्या. तिनं त्या घातल्या, कठडा धरून खाली आली, खडीवर उभी राहिली. मग वळली.

“माताजी, इधर से एंट्री नहीं है,” गार्ड म्हणाला. “बंद करने का टाइम हो गया.”

“मालूम है, भैया. एक मिनट.”

“अंदर कुछ छूट गया?”

“हाँ,” आई म्हणाली.

तो बाजूला झाला. आई पायऱ्या चढली, प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय, मग डावा तिच्याजवळ आणत. उंबऱ्याशी पोचली. तिथं तिनं चपला काढल्या, पायानंच जुळवून एका बाजूला सरकवल्या आणि आत गेली. आत गेल्यावर तिनं समोरचा जिना पाहिला नाही, झुंबर पाहिलं नाही. आधी वळून दाराच्या फळीमागे पाहिलं.

मी आणि रेचल खाली उभ्या होतो. ऊन कौलांवरून उतरत होतं. कुठंतरी नळी चालू झाली आणि गुलाबांच्या वाफ्यांत सूं असा आवाज आला. गार्ड आणि आई आत काही बोलत होते. मला तिची वाक्यं तुटक ऐकू येत होती. मेरा मिस्टर. इधर. बहुत साल. मग गार्डचा आवाज, “ठीक है अम्मा, आप ही लगाओ.”

दार हललं. ते जड आहे, ते हलताना नेहमी आधी अडतं आणि मग एकदम येतं. काळोखाची पट्टी बारीक होत गेली आणि मिटली. चपला बाहेर राहिल्या.

“ममा,” रेचल घाबरून म्हणाली, “शी इज लॉक्ड इन.”

“नाही. थांब.”

वरची कडी लागली. बारीक, खरखरीत. मग बराच वेळ काही नाही. वाकायला तिला वेळ लागतो. मग खालची लागली, फरशीत, ठक्.

मी चपला उचलल्या. रेचलला म्हटलं, चल, मागे. घराला वळसा घालून आम्ही चालू लागलो, हिरवळीकडेनं, काचेतल्या घड्याळाजवळून. आतून तिची पावलं ऐकू येणं शक्य नव्हतं, ती अनवाणी होती. तरी ती आता कुठं असेल ते मला कळत होतं. हॉल, जेवणघर, स्वयंपाकघर.

आम्ही पोचलो तेव्हा ती मागच्या दारात उभी होती, एक हात चौकटीवर. गार्ड तिच्यामागे दिवे घालवत होता. मी वाकून चपला तिच्या पायांशी ठेवल्या.

“दोन्ही लावल्या?” मी विचारलं.

“दोन्ही,” आई म्हणाली.